तिचं नाव यादीत होतं

४ जुलै २०२४. ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीचा दिवस. पश्चिम लंडनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी पोल क्लर्क म्हणून बसले होते. माझे बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक. निवडणूक आली की दोन दिवस घरी नसायचे, आणि परत आले की आई आधी त्यांना जेवायला वाढायची. इथे अशी सक्ती नाही, कौन्सिल पैसे देऊन माणसं नेमते. मी मात्र बाबांची आठवण म्हणूनच अर्ज केला होता.

सव्वासहाला पोचून टेबलं मांडली, मतदानाच्या खणांत दोऱ्यांना पेन्सिली बांधल्या, रिकामी मतपेटी दाखवून सील केली. सातला दार उघडलं. रात्री दहापर्यंत हलायचं नव्हतं.

काम सोपं असतं. मतदार नाव आणि पत्ता सांगतो. ओळखपत्र बघायचं, यादीवर पट्टी धरायची, नाव सापडलं की क्रमांक मोठ्याने वाचायचा, रेघ मारायची आणि मतपत्रिका द्यायची. बोटाला शाई लावत नाहीत. ओळखपत्र तर २०२३ पर्यंत इंग्लंडमध्ये लागतच नव्हतं. माणूस नाव सांगायचा, क्लर्क त्याच्यावर विश्वास ठेवायचा. उत्तर आयर्लंडमध्ये २००३ पासून फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, उरलेल्या ब्रिटनमध्ये हा नियम २०२२ च्या कायद्याने आला आणि ही त्यानंतरची पहिलीच सार्वत्रिक निवडणूक होती.

खरं सांगायचं तर मला हा नियम पटला होता. त्यात काय एवढं, आपल्याकडे कार्ड दाखवल्याशिवाय कोण मत देतं, असं मी मैत्रिणींना सांगितलंही होतं. पण आपल्याकडे मतदार कार्ड घरोघरी पोचलेलं आहे. ते नसेल तर फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं, रोजगार हमीचं जॉब कार्ड चालतं, सरकारी नोकराचं ओळखपत्र चालतं. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. युद्धकाळातली कार्डं १९५२ मध्ये बंद झाली, २००६ मध्ये पुन्हा कायदा झाला, तोही नंतरच्या सरकारने काही वर्षांत रद्द केला. मतदानासाठी एक मोफत प्रमाणपत्र मिळतं, पण त्याचा अर्ज सहा कामाचे दिवस आधी करावा लागतो. पासपोर्ट नाही, गाडी चालवत नाही, अशा माणसाच्या हे लक्षात कधी येणार?

दुपारी एक विद्यार्थी आला. त्याने फोटो असलेलं रेल्वेचं सवलत कार्ड पुढे केलं. ते चालत नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्या आजोबांनी बसचा फ्रीडम पास, म्हणजे ज्येष्ठांना मिळणारा मोफत प्रवासाचा पास, दाखवला. तो चालतो. दोन्ही कार्डांवर फोटो होते. मुलाने आजोबांच्या पासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासाभराने तो पासपोर्ट घेऊन आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी त्याचे दोनदा आभार मानले.

शेजारच्या गल्लीतल्या इटालियन बाईही आल्या. वीस वर्षं त्या इथे राहतात, इथेच कर भरतात. २ मे रोजी लंडनच्या महापौरासाठी त्यांनी मत दिलं होतं. पण संसदेसाठी युरोपीय नागरिकांपैकी फक्त आयर्लंड, सायप्रस आणि माल्टाच्या लोकांना मत देता येतं. मी भारतीय पासपोर्टवर राहते, आणि राष्ट्रकुलातली म्हणून मला पूर्ण मताधिकार आहे. माझं मत मी टपालाने आधीच पाठवलं होतं. जन्मतारीख लिहायची, सही करायची, बस. टपाली मताला फोटो लागत नाही.

रात्री साडेनऊ वाजून गेले होते. तिशीतली एक मुलगी धावतच आत आली. अंगावर गडद निळा ट्युनिक, गळ्यात सरकारी हॉस्पिटलचं फोटो असलेलं कार्ड. तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मी पट्टी धरली. नाव होतं.

“ओळखपत्र?”

तिने गळ्यातलं कार्ड उचललं.

“हे चालत नाही. पासपोर्ट, लायसन्स काही आहे?”

“पासपोर्ट घरी आहे. मी थेट ड्यूटीवरून येतेय.” तिने बँकेचं कार्ड काढलं. “हे?”

मी मान हलवली. केंद्राध्यक्षांना बोलावलं. त्यांनी चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी पुन्हा वाचली, तेच सांगितलं, आणि म्हणाले, “दहाच्या आत रांगेत उभ्या राहिलात तरी मत देता येईल.” तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. भांडली नाही. “ठीक आहे, तुमचा दोष नाही,” एवढं म्हणून गेली.

तिने भांडायला हवं होतं. मला ते सोपं गेलं असतं. लोकांच्या आजारपणात रात्रंदिवस राबणारी ही मुलगी, याच देशातल्या हॉस्पिटलने दिलेलं कार्ड गळ्यात घालून उभी, आणि ती कोण हे मला मान्य करता येत नव्हतं. दुसऱ्याच्या नावावर मत दिल्याचे खटले इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या थोडक्यांना अडवण्यासाठी मी हिला परत पाठवलं. पुढे जुलै २०२५ मध्ये सरकारने बँकेचं कार्ड ओळख म्हणून मान्य करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. बातमी वाचताना मला तिचा हात दिसला.

पावणेदहानंतर दार वाजलं की मी वर बघत होते. तरुण जोडपं आलं, कुत्रा घेऊन एक गृहस्थ आले. दहाला केंद्राध्यक्षांनी दार लावलं. मतदानोत्तर चाचणीत मजूर पक्षाला ४१० जागा दाखवल्याचं कुणीतरी फोनवर पाहून सांगितलं. सत्ता बदलली होती. एकूण मतदान मात्र सुमारे ६० टक्केच झालं, २००१ नंतरचं सर्वांत कमी.

मग तक्ता भरायचा होता. ओळखपत्राअभावी परत गेलेले : ११. पुन्हा येऊन मत दिलेले : ८. दारावरची नोटीस वाचूनच मागे फिरलेले या आकड्यांत येत नाहीत.

यादी पाकिटात घालण्याआधी मी ते पान उघडलं. नावं गल्लीच्या आणि घरांच्या क्रमाने असतात. तिच्या नावाच्या वर त्याच घरातलं, त्याच आडनावाचं आणखी एक नाव होतं, त्यावर माझी सकाळची रेघ होती. फ्रीडम पास दाखवून मत दिलेल्या बाई, तिची आई असावी. खालचं नाव कोरं होतं.

मी पाकीट बंद करून सही केली.