हॅमॉकवर नुसती वरून जाळी असेल तर धानाच्या पट्ट्यात झोपायला जाऊ नका

पूर्व विदर्भात तलावांच्या आसपास हॅमॉक (दोन झाडांमध्ये बांधायचा कापडी झोपाळा) टांगून झोपायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मच्छर खालून चावतात. हॅमॉकचं कापड म्हणजे पातळ नायलॉन, त्यावर तुमची पाठ ताणून टेकलेली, मच्छराची सोंड त्यातून आरामात आरपार जाते. वरची झिपवाली जाळी कितीही भारी असू दे, पाठ, मांड्यांची मागची बाजू आणि पोटऱ्या उघड्यावरच असतात. हे मला हॅमॉक विकणाऱ्याने सांगितलं नाही, त्याने तर "जंगलात पण बिनधास्त झोपा" म्हणून जाळीचे वेगळे पैसे लावले. ज्याच्या जागेत झोपलो त्यानेही सांगितलं नाही. पाठ अजून खाजतेय आणि खाजत असतानाच लिहितोय, त्यामुळे भाषा थोडी कडक वाटली तर समजून घ्या.

रूट सोपा आहे. नागपूरहून बाईकने भंडारा, लाखनी, साकोली, कोहमाऱ्याला हायवे सोडून उजवीकडे नवेगावबांध आणि पुढे अर्जुनी मोरगावच्या बाजूला. रस्ता चांगला, चहा-नाश्ता सगळीकडे मिळतो, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. ऑक्टोबरचा शेवट होता, हलकं (लवकर येणारं) धान कापायला आलेलं आणि जड (उशिरा येणारं) धान अजून बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांत, पाण्यात उभं. हाच मच्छरांचा सगळ्यात वाईट काळ आहे हे लक्षात ठेवा. पाऊस गेला, आता कॅम्पिंगचा सीझन सुरू, हे सह्याद्रीत ठीक आहे, इथे नाही. इथे डिसेंबरपर्यंत थांबा नाहीतर पूर्ण तयारीने या.

जंगलात टांगायचा विषयच नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आत मनाने कुठेही मुक्काम करता येत नाही आणि करूही नका. त्यामुळे खाजगी शेत, मालकाची परवानगी आणि गावातल्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवणं, एवढाच सरळ मार्ग. मी फोनवर जागा ठरवली होती, शेतावर मुक्काम देणारा एक जण होता, नाव लिहीत नाही. "तलावाला लागून जागा, थंडगार, मच्छर बिलकुल नाही" असं बोलला. जागेचे ८०० रुपये, म्हणजे दोन झाडांचे, कारण हॅमॉक माझा, ताडपत्री माझी, जेवण वेगळं. संध्याकाळी पोचल्यावर वर २०० रुपये "मच्छरदाणी भाडं" मागितलं. मच्छर बिलकुल नाही तर मच्छरदाणी भाड्याने कशाला ठेवतो, हे विचारलं तर उत्तर नाही.

आता जागा कशी होती ते नीट सांगतो, कारण तुम्हालाही अशीच जागा दाखवतील. हा सगळा पट्टा जुन्या तलावांचा. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात आणि गावोगावी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळातले) आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, आहेत. पाणी अडवायची पद्धत अफलातून आहे, पण झोपणाऱ्याच्या दृष्टीने बघा. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, वरच्या अंगाला पाणी, खालच्या अंगाला पाझर आणि धानाच्या बांध्या. माझी दोन झाडं बरोबर पाळीच्या पायथ्याशी. वारा पाळीने अडवलेला, खाली चिखल, दहा पावलांवर जनावरांचा कोठा. मच्छर उडण्यात कमजोर असतो, थोडा वारा असला तरी त्याला टिकता येत नाही. त्यामुळे तीच झाडं पाळीच्या माथ्यावर किंवा गावाकडच्या उंच कोरड्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) असती तर अर्धा त्रास कमी झाला असता. जागा बघताना "पाणी किती जवळ" हे नका विचारू, तिथे उभं राहून गालाला वारा लागतो का ते बघा. लागत नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नका.

रात्र कशी गेली ते थोडक्यात. अंधार पडला तसा गुंईऽऽ आवाज सुरू झाला, मी जाळीच्या आत, झिप बंद, वाटलं बाहेरच राहतील. अर्ध्या तासात कमरेखाली आग. मोबाईलचा टॉर्च आतून खालच्या कापडावर मारला तर बाहेरून बसलेल्यांची सावली दिसत होती, माझ्या पाठीच्या आकारात, जिथे जिथे कापड अंगाला चिकटलेलं तिथे तिथे ओळीने. हात मारला की उडायचे आणि परत बसायचे. कूस बदलली की नवीन जागा. मध्यरात्रीनंतर दव पडलं, वरची जाळी ओली होऊन खाली लोंबली आणि खांद्याला टेकली, मग तिथूनही सुरू. जाळी अंगाला टेकली की जाळी नसल्यासारखीच, हे पण लिहून ठेवा.

पहाटे शेवटी उठून शेजारच्या घराच्या अंगणात जाऊन बसलो. तिथल्या आजींनी माझी पाठ बघितली, काही विचारलं नाही, आत जाऊन चहा ठेवला आणि मग म्हणाल्या, "बाबू, खाटेवर पन गोधडी टाकल्याबिगर मच्छरदानीचा का उपेग? खालून चावते ना." ज्याने माझ्याकडून हजार रुपये घेतले त्यालाही हे माहीत असणारच, कारण तोही त्याच गावात खाटेवर झोपतो. राग मला मच्छरांचा नाही, ह्याचा आहे.

तर उपाय. पहिला, हातात काहीच नसेल तेव्हाचा: पाठीखाली जाड थर हवा. फोमची चटई, जाड सतरंजी, गोधडी काहीही. हॅमॉक दोन थरांचा असेल तर चटई मधल्या खिशात सरकवा, नाहीतर हॅमॉकमध्ये तिरपं झोपलं की ती घसरते आणि पोटऱ्या उघड्या पडतात. चालून जातं, पण उकडतं.

खरा उपाय म्हणजे हॅमॉकच्या चहूबाजूंनी येणारी पोत्यासारखी जाळी. बाहेरची विकत घेतली तर महाग पडते, आणि गरज नाही. मी साकोलीला येऊन जाळीचं कापड घेतलं आणि टेलरकडून शिवून घेतलं, त्या भाऊंनी शिलाईचे १५० घेतले आणि दोन्ही टोकांची शिवण स्वतःहून डबल मारून दिली. माप असं: ११ फुटी हॅमॉकसाठी ५ फूट पन्ह्याचं कापड साडेसात मीटर, त्याचे दोन सारखे तुकडे, लांबीत दोन्ही कडा एकमेकांना शिवून नळी करायची, दोन्ही तोंडांना नेफा आणि नाडी. झिप लावू नका, झिप तिथेच फसते. हॅमॉकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून एक दोरी बांधायची, तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के, म्हणजे ११ फुटीला ९ फूट. जाळी त्या दोरीवर लटकते आणि अंगापासून लांब राहते. एक तोंड आवळून ठेवायचं, दुसऱ्या बाजूने आत शिरायचं, जाळी डोक्यामागे ओढून नाडी आवळायची. टेलर कापड वाचवायला घट्ट शिवायला निघतात, शिवू देऊ नका. खाली हॅमॉक आणि जाळीच्या मधे चार-सहा बोटं मोकळी हवीतच, जाळी खालून पाठीला चिकटली तर मच्छर जाळी आणि कापड दोन्हीतून चावतो आणि सगळा खर्च वाया.

भोकांचं पण बघा. साध्या मच्छरदाणीत एका चौरस इंचात साधारण १५६ भोकं असतात, म्हणजे एका इंचात बारा-तेरा. पट्टी ठेवून मोजता येतात. मच्छराला एवढं पुरतं. पण कोठ्याजवळ, मातीच्या भिंतींच्या फटींमध्ये वालुमाशी असते, दोन-तीन मिलिमीटरची, ती यातून आत येते. आणि ती नुसती खाजवत नाही. मेंदूज्वर आणणारा चांदीपुरा व्हायरस पसरवणारी हीच, आणि तो व्हायरस १९६५ ला आपल्याच नागपूर भागातल्या चांदीपुरा गावात पहिल्यांदा सापडला म्हणून त्याचं नाव ते. धोका लहान मुलांना जास्त, त्यामुळे पोरांना घेऊन जाणार असाल तर एका इंचात पंचवीसच्या आसपास भोकं असलेली बारीक जाळीच घ्या आणि कोठ्यापासून लांब टांगा. बारीक जाळीत हवा कमी खेळते, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिच्यात झोपणं अशक्य आहे, स्पष्ट सांगतो.

मुंग्या दोरीवरून येतात, त्यांना जाळी अडवत नाही कारण नाडीच्या फटीतून घुसतात. आंब्याच्या झाडावर पानं शिवून केलेली घरटी दिसली की ते झाड सोडा. बाकी झाडांना हॅमॉकच्या पट्ट्यावर रॉकेलची चिंधी बांधली की पुरतं. साग, येन, धावडा चांगले. मोहाला फुलं असताना, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, मोहाखाली अजिबात टांगू नका, फुलं खायला रात्री अस्वल येतं आणि पहाटे मोह वेचायला माणसं येतात, दोघांच्याही वाटेत तुम्ही नको. जाळीखाली मच्छर अगरबत्ती लावून झोपणारे बघितलेत, नायलॉन आहे ते, एक ठिणगी पुरे. गोवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला संध्याकाळीच, लांबवर, वाऱ्याच्या बाजूला जाळा आणि झोपायच्या आधी विझवा.

पोत्यासारखी जाळी लावून पुढे झोपलो तेव्हा खरंच सांगतो, सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हाच जाग आली. आजूबाजूला गुणगुण तेवढीच होती, पण सगळी बाहेर. खाली मण्यारीची भीती नाही, चिखल नाही. जमिनीवरच्या टेंटपेक्षा या भागात हॅमॉक शंभर टक्के चांगला, पण फक्त अशा जाळीसकट.

दुपारी डुलकी काढतानाही जाळी सोडू नका, डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो. जाळीला औषध मारलेलं असेल तर ती तलावात किंवा बोडीत धुवू नका, त्या औषधाने मासे मरतात आणि ढिवर (मासेमार) लोकांचं पोट त्या मासोळीवर आहे, बादलीत धुवा आणि पाणी तलावापासून लांब कोरड्या जागेत ओता. परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की गोंदिया-गडचिरोलीकडे उघड्यावर झोपलो होतो, मलेरियासाठी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते.