भाड्याच्या घराची फरशी

कोथरूडचा आमचा वन बीएचके रिकामा झाला तेव्हा हॉलमध्ये फ्रीज ओढल्याचे ओरखडे होते आणि स्वयंपाकघरात सात-आठ फरश्या तडकलेल्या. जुनी इमारत, दहा इंची मोझॅक. म्हटलं, सगळीकडे पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइल्स टाकू, भाडंही वाढवून मागता येईल.

दुकानदाराने जुन्या फरशीवरच केमिकलने नवीन टाइल चिकटवायचं सुचवलं. तोडफोड नाही, राडारोडा नाही. पण टाइल आणि केमिकल मिळून अर्धा इंच चढणार. म्हणजे दारं खालून तासा, आणि बाहेरची फरशी उंच झाल्याने बाथरूमचं आपसूक डबकं होणार. शिवाय खालची फरशी पोकळ असेल तर वरचीही सुटते. मिस्त्रींनी एक रुपयाचं नाणं काढून ठोकत ठोकत घर फिरून दाखवलं. हॉलमध्ये टणटण, ओट्यापुढे मात्र भद्द.

व्हिनाइलचा, म्हणजे फरशीवर अंथरायच्या प्लास्टिकच्या शीटचा, मोह मला झाला होता, स्वस्त आणि एका दिवसात काम. पण वॉशिंग मशीनचा पाइप एकदा निसटला की पाणी खाली मुरतं आणि वास सुटतो. भाडेकरू ते आपल्याला महिन्याने सांगणार.

शेवटी मिस्त्रींनीच तोडगा काढला. स्वयंपाकघर उखडायचंच होतं, तर त्यातल्या धड फरश्या जपून काढल्या आणि हॉल-बेडरूममधल्या फुटक्यांच्या जागी बसवल्या. तसल्या फरश्या आज बाजारात शोधून मिळाल्या नसत्या. मग दोन्ही खोल्यांना पॉलिश. जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत मशीन फिरत होतं आणि राखाडी चिखल थेट जिन्यापर्यंत पोचला. खालच्या काकूंचं दोन दिवस ऐकून घेतलं. पण घासून झाल्यावर त्या मळकट फरशीतून हिरवे-तांबडे दगडाचे ठिपके वर आले, ते मी लहानपणापासून पाहिलेच नव्हते.

स्वयंपाकघरात दोन बाय दोन फुटी मॅट (बिनचकाकीच्या) व्हिट्रिफाइड टाइल्स टाकल्या, रंग मुद्दाम मळखाऊ. मोझॅक जाड असल्याने खाली माल भरून लेव्हल बरोबर जुळली. सांध्यांना एपॉक्सी, म्हणजे डाग न शोषणारं रेझिनचं ग्राउट, भरलं. महाग पडलं, पण फोडणीचे डाग साध्या सिमेंटच्या ग्राउटमधून निघत नाहीत हे आमच्या राहत्या घरी शिकून झालंय.

एक पेटी जास्तीची आणून माळ्यावर ठेवलीय, शेड नंबर छापलेली बाजू पुढे करून. नव्या भाडेकरूला सांगितलंय, फ्रीज ओढायचा नाही, उचलायचा. हो म्हणालाय.