कफ फुगवला तरी नस दबेना

घोट्यावर बांधलेला ब्लड प्रेशरचा पट्टा, म्हणजे कफ, २५० पर्यंत फुगवला, तरी घोट्यापाशी धरलेल्या डॉप्लर प्रोबमधून, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रातून, ठोक्यांचा आवाज येतच राहिला. दंडाचं प्रेशर होतं १४०. घोट्याच्या प्रेशरला दंडाच्या प्रेशरने भागतात. उत्तर ०.९ च्या खाली आलं तर धमनी अरुंद, १.४ च्या वर गेलं तर ती दाबलीच जात नाहीये असं समजायचं. इथे आवाज थांबतच नव्हता, म्हणून घोट्याचा आकडाच मिळेना, भागाकार करायचीच सोय नव्हती. टेबलावरचे काका मात्र खूश. “म्हणजे नस भक्कम आहे ना, डॉक्टर?”

पायाच्या करंगळीवरची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती म्हणून ते आले होते. पायाच्या बोटांच्या बारीक धमन्या बहुतेक वेळा धमनी दाबू न देणाऱ्या या कडकपणातून वाचतात, म्हणून छोटा कफ अंगठ्याला लावला. तिथलं प्रेशर निघालं ३४. एवढ्या दाबावर जखम भरणं अवघडच.

पावलाचा एक्स-रे पाहिल्यावर खुलासा झाला. डाय न टोचताच धमनी दिसत होती: आगगाडीच्या रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेघा. जर्मन पॅथॉलॉजिस्ट मॉन्केबर्ग यांनी १९०३ मध्ये वर्णन केलेला हा प्रकार. कॅल्शियम साठतं ते भिंतीच्या मधल्या थरात, आणि मधुमेह व किडनीच्या विकारात हे फार दिसतं. काकांना दोन्ही होते; किडनी मंदावली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.९.

माझं लक्ष मात्र रक्तातल्या कमी पोटॅशियमवर अडलं. ते वाढवायचं औषध चालू असूनही ते ३.१ च्या वर सरकत नव्हतं. मुलगी म्हणाली, “बाबांच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात, बोटांना मुंग्याही येतात.” मॅग्नेशियम कमी असलं की किडनी पोटॅशियम धरून ठेवत नाही, वरून कितीही ओता. लगेच तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला १.१, साधारण १.७ च्या वर हवं. कारण औषधांच्या पिशवीतच होतं. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं रोज, जोडीला सूज उतरवायची लघवीची गोळी. पॅन्टोप्राझोलच्या गटातल्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर मॅग्नेशियम घसरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ मध्येच दिला आहे. ती गोळी मुळात कोणी आणि कशासाठी सुरू केली, हे घरात कुणालाच आठवेना. हे मला नवीन नाही.

ईसीजीत क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबलेला होता आणि त्याने ठोके बिघडू शकतात, म्हणून दाखल करून घेतलं आणि किडनी पाहता बेताच्या डोसमध्ये, मॉनिटर लावून, शिरेतून मॅग्नेशियम दिलं.

तेवढ्यात मुलीने फोन पुढे केला. “यात लिहिलंय, मॅग्नेशियम दिलं की नसांतलं कॅल्शियम विरघळतं. मग आता जखम भरेल ना?”

प्रश्न चुकीचा नव्हता, फोनवरचं उत्तर चुकीचं होतं. रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन आधी स्फटिक नसलेले मऊ कण बनतात, मग त्यांचे टोकदार स्फटिक होतात. हा बदल मॅग्नेशियम लांबवतं. शिवाय फॉस्फेट वाढलं की धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात; मॅग्नेशियम असेल तर ते कमी होतं. हे प्रयोगशाळेत दिसतं. माणसांत चित्र एवढं स्वच्छ नाही. किडनीच्या रुग्णांवरच्या २०१९ च्या जपानी चाचणीत मॅग्नेशियम ऑक्साइडने हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमची वाढ मंदावली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, किडनीच्या रुग्णांवरच्याच ‘मॅजिकल-सीकेडी’ चाचणीत वर्षभर गोळ्या देऊनही ती मंदावली नाही. आणि एकदा भिंतीत बसलेला थर गोळीने विरघळतो, असं तर कुणीच दाखवलेलं नाही.

“मग हे सलाइन कशाला?” काकांनी विचारलं.

“तुमच्या हृदयाचे ठोके बिघडू नयेत म्हणून, काका. आणि पोटॅशियम टिकावं म्हणून. पायासाठी वेगळं काम करायचंय.”

पायाची अँजिओग्राफी झाली, गुडघ्याखाली फुग्याने धमनी उघडली, आणि अंगठ्याचं प्रेशर ५८ वर आलं. जखम भरली ती त्यानंतर, सावकाश. पॅन्टोप्राझोल बंद केली, पोटऱ्यांतले गोळे थांबले, मॅग्नेशियम १.८ वर टिकलं. मुलीला गोळ्या कायमच्या हव्या होत्या. मी नाही म्हटलं: किडनी आणखी मंदावली तर हेच मॅग्नेशियम साठून प्रेशर आणि ठोके खाली आणतं. क्रिएटिनिनच्या रिपोर्टबरोबर दर वेळी मॅग्नेशियमही पाहायचं, एवढं फाइलवर लिहून दिलं.