लिलावातून फिलिपिनो जहाजचित्र घेताना : माझा अनुभव

फिलिपिनो चित्रकाराचं जहाज किंवा समुद्र लिलावात घ्यायचा तर निम्मं काम हातोडा पडण्याआधीच उरकलेलं असावं लागतं. पुढे बँकेत, चित्र लाकडी खोक्यात बांधणाऱ्या क्रेटवाल्याकडे किंवा कस्टममध्ये जे अडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा आधी न विचारलेल्या एखाद्या प्रश्नात सापडतं. मुंबईत बसून अशी चित्रं शोधणं, बोली लावणं आणि घरी आणणं यात जी पद्धत माझ्या हाताला बसली, ती इथे देतो.

आधी शोध. मनिलाला मकाटी भागात लिऑन गॅलरी आणि साल्सेडो ऑक्शन्स ही मोठी लिलावगृहं आहेत. त्यांचे कॅटलॉग नीट संशोधन करून काढलेले असतात, आणि किमतीही त्याच मानाने. हाँगकाँगला तर बोलायलाच नको. 2002 मध्ये हुआन लुना या एकोणिसाव्या शतकातल्या फिलिपिनो चित्रकाराचं ‘पॅरिसियन लाइफ’ तिथे क्रिस्टीजच्या लिलावात फिलिपिन्सच्या सरकारी विमा संस्थेने साडेचार कोटी पेसोंच्या वर घेतलं. आपली मजल तिथे जात नाही. आपल्याला परवडतील अशी चित्रं निघतात ती अमेरिकेतल्या लहान लिलावगृहांत. 1898 ते 1946 हा अमेरिकी अंमलाचा काळ. नौदलाची माणसं, व्यापारी, शिक्षक मायदेशी परतताना मनिलाहून चित्रं घेऊन गेले. आता त्यांच्या नातवंडांच्या घरांतलं सामान लिलावात येतं. आल्फ्रेडो कार्मेलो हे या बाबतीत लक्षात ठेवायचं नाव. माणूस सुरुवातीला वैमानिक, पुढे गलेऑन (जुनी मोठी स्पॅनिश जहाजं), क्लिपर (वेगवान व्यापारी जहाजं) आणि इतर शिडाच्या नौका रंगवण्यात रमला. अशा गावाकडच्या लिलावात फिलिपिनो चित्रांचा जाणकार नसतो, नाव स्पॅनिश दिसलं की लॉट, म्हणजे लिलावातला तो नग, ‘स्पॅनिश स्कूल’मध्ये, म्हणजे स्पॅनिश चित्रकारांच्या गटात, जाऊन बसतो.

म्हणून मी नुसत्या चित्रकाराच्या नावाने शोधत नाही. ‘मरीन’, ‘मरिना’, ‘गलेऑन’, ‘क्लिपर’, ‘मनिला बे’, ‘विंता’ असे शब्द टाकतो. फेलिक्स रेसुरेक्सिओन हिदाल्गोच्या बाबतीत तर रेसुरेक्सिओन आणि हिदाल्गो अशी दोन्ही नावं शोधावी लागतात. आयुष्याचा मोठा भाग त्याने पॅरिसमध्ये काढला, वारला 1913 मध्ये स्पेनमध्ये. खडक, लाटा, राखी आभाळ एवढ्यावर उभी असलेली त्याची लहान सागरचित्रं युरोपातल्या कॅटलॉगांत कुठल्या अक्षराखाली लपलेली असतील सांगता येत नाही.

लॉट सापडला की आधी कॅटलॉगची भाषा वाचायची. ‘साइन्ड’ लिहिलं असेल तर सही चित्रकाराची आहे असं लिलावगृह मानतं. ‘बेअर्स सिग्नेचर’ असेल तर सही चित्रावर आहे, कोणाची ते आम्हाला विचारू नका. ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’, ‘सर्कल ऑफ’, ‘मॅनर ऑफ’ या क्रमाने खात्री पातळ होत जाते. कंडिशनविषयी काहीच लिहिलेलं नसेल तर चित्र धडधाकट आहे असा अर्थ अजिबात काढू नये. लॉट आहे त्या स्थितीत विकला जातो, आणि तसं अटींत छापलेलं असतं.

मग कंडिशन रिपोर्ट मागवायचा. लिलावाच्या चार-पाच दिवस आधी मेल केला तर उत्तर येतं. आदल्या दिवशी केला तर राहिलं. नुसतं ‘कंडिशन कळवा’ म्हटलं की ‘वयाच्या मानाने चांगलं’ असं एका ओळीचं उत्तर मिळतं. मी फोटोच नेमके मागतो: फ्रेममधून काढलेलं चित्र, मागची पूर्ण बाजू, चारही कोपरे, सहीचा अगदी जवळून, एका बाजूने टॉर्च आडवी धरून काढलेला एक आणि जमल्यास अतिनील दिव्याखालचा एक.

आडव्या उजेडातला फोटो सगळ्यांत जास्त बोलतो. समुद्रचित्रात लाटांचा फेस जाड रंगाने, सुरीने किंवा ब्रशच्या टोकाने उठवलेला असतो. तो पांढरा झिंक व्हाइट असेल तर वयानुसार ठिसूळ होतो. त्यात कॅनव्हास दमट हवेत सैल आणि कोरड्या हवेत ताठ होत राहिला की नेमके फेसाचे उंचवटे तडकतात आणि पापुद्रे उचलतात. आडव्या उजेडात उचललेल्या कडेची बारीक सावली दिसते. असं चित्र विमानाच्या कार्गोतून आणलं तर क्रेटच्या तळाशी पांढरा चुरा मिळणार. ते आधी जागेवरच कॉन्झर्वेटरकडून चिकटवून घ्यावं लागतं. तो खर्च बोलीतून वजा करायचा, नाहीतर लॉट सोडून द्यायचा.

अतिनील दिव्याखाली जुनं नैसर्गिक व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतरची डागडुजी काळपट डागांसारखी दिसते. आभाळात असे डाग असतील तर फारसं बिघडत नाही, पण डोलकाठ्या, दोर किंवा सहीभोवती असतील तर थांबावं. सहीच्या फोटोत मी एकच गोष्ट बघतो: भेगा सहीच्या रंगातून गेल्या आहेत, की सहीचा रंग भेगांत उतरला आहे? रंग भेगांत उतरला असेल तर चित्र जुनं आणि सही नवी. पांढऱ्याचाही पुरावा असतो. टायटॅनियम व्हाइट बाजारात आला 1920 च्या सुमारास. हिदाल्गोच्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्राच्या मूळ रंगात तो निघाला तर गोष्ट संपली. मात्र हे डोळ्याने ठरत नाही, एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखणारी तपासणी लागते. मोठी रक्कम गुंतणार असेल तरच त्या वाटेला जावं.

मागच्या बाजूने चित्राचं वय आणि वास्तव्य दोन्ही कळतं. खाऱ्या दमट हवेत राहिलेल्या कॅनव्हासचे खिळे गंजतात आणि गंज भोवतालचं कापड खातो, त्यामुळे कडा खिळ्यांच्या ओळीत फाटत जाते. स्टेपल दिसले तर कॅनव्हास नंतर पुन्हा ताणलेला आहे किंवा चित्रच नंतरचं आहे. युद्धानंतरची बरीच मनिलाची चित्रं ‘लवानिट’वर, म्हणजे तिथल्या हार्डबोर्डवर आहेत. त्याचे कोपरे ओल लागली की फुगून थर सुटतात आणि मोठा बोर्ड धनुष्यासारखा वाकतो. वाळवी फ्रेमपासून सुरू होते. फ्रेमच्या खाचेत मातीची रेघ किंवा भुसा दिसला तर फ्रेम तिथेच सोडून यावी, नॅराच्या लाकडाची देखणी असली तरी.

मनिलात युद्धापूर्वी रंगवलेल्या चित्राचा प्रवासही विचारावा. फेब्रुवारी 1945 च्या लढाईत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला, त्यात घरंच्या घरं आणि त्यांतले संग्रह गेले. तेव्हा चित्र त्या काळात कुठे होतं याचं थोडं तरी उत्तर हवं: फ्रेमवाल्याचं लेबल, कुटुंबाचं पत्र, भिंतीवर चित्र दिसत असलेला जुना फोटो.

आता जहाज. इथे घाई करू नये, कारण हाच भाग कॅटलॉगवाले वाचत नाहीत. पहिली कसोटी वाऱ्याची. शिडं ज्या बाजूला फुगली आहेत त्याच बाजूला झेंडा फडकला पाहिजे. शिडं डावीकडे आणि झेंडा उजवीकडे असेल, तर चित्रकाराने जहाज एका छापील चित्रातून आणि झेंडा दुसऱ्यातून उचललेला असतो. मनिला-अकापुल्को गलेऑनचा व्यापार 1565 ते 1815 चालला, त्यामुळे ‘मनिला गलेऑन’ या नावाखाली अडीचशे वर्षांची जहाजं येतात. उंच बुरुजासारखी पिछाडी असलेल्या सोळाव्या शतकातल्या गलेऑनला मागच्या डोलकाठीवर तिकोनी लॅटिन शीड हवं आणि बोस्प्रिटखाली, म्हणजे नाळेतून पुढे झेपावणाऱ्या काठीखाली, आडव्या परबाणावर (शीड बांधायच्या दांड्यावर) एक चौकोनी शीड हवं. त्याच जहाजाला पुढे जिब, म्हणजे नाळेपुढचं तिकोनी शीड, लावलेली दिसली तर काळ चुकला. मोठ्या जहाजांवर जिब रुळली अठराव्या शतकात. झेंडाही बघावा. स्पॅनिश नौदलाचा लाल-पिवळा झेंडा 1785 चा. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या जहाजावर पांढऱ्यावर लाल बर्गंडी क्रॉस हवा.

अशी चूक सापडली म्हणजे चित्र खोटं, असं मात्र नाही. विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी गलेऑन डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. चूक किंमत ठरवताना कामाला येते: अभ्यासून काढलेलं जहाज आणि दिवाणखान्यासाठी काढलेलं जहाज यांत फरक करता येतो. लुनाकडून मी जास्त अपेक्षा ठेवतो. तो मनिलाच्या नौकाशास्त्राच्या शाळेत शिकून परवानाधारक नाविक झालेला माणूस, आणि 1887 चं त्याचं ‘लेपांतोची लढाई’ माद्रिदच्या सिनेटमध्ये लागलेलं आहे. त्याच्या नावावर खपवलेल्या समुद्रचित्रात दोर हवेतच संपत असतील तर पुढे वाचायची गरज नाही.

स्थानिक नौकांचं गणित वेगळं. झांबोआंगा-सुलूकडची विंता रंगीत पट्ट्यांच्या शिडाची. पासिग नदीतली कास्को सपाट तळाची मालवाहू. बांका या होडीला दोन्ही बाजूंना ‘कातिग’, म्हणजे तोल सांभाळणारे दांडे. आपल्या कोकणातल्या होडीची उलांडी एकाच बाजूला असते, त्यामुळे मराठी डोळ्याला बांका चटकन ओळखू येते. कातिग जोडणारे बांबू होडीच्या अंगाला कुठे बांधले आहेत ते दाखवलेलं असेल, तर चित्रकार किनाऱ्यावर बसून काढत होता.

इतकं झालं की आकडा. समजा हातोडा 3,000 डॉलरला पडेल असा अंदाज आहे. खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाचं बोलीवरचं कमिशन, 25 टक्के धरला तर 750, ऑनलाइन मंचाचे 5 टक्के म्हणजे 150. बिल झालं 3,900. क्रेट 450 आणि विम्यासह विमानभाडं 700 धरलं तर 5,050, आणि भारतातली ड्युटी या भाडं-विम्यासकटच्या रकमेवर. म्हणून मी उलटा हिशेब करतो: दारात पोचेपर्यंत एकूण किती घालवायचे ते ठरवून त्यावरून बोलीची कमाल काढायची, ती कागदावर लिहायची आणि तिथे थांबायचं. मनिलात प्रीमियमचा दर वेगळा आणि व्हॅट 12 टक्के. तो कशाकशावर लागतो ते त्या लिलावाच्या अटींत बघावं.

नोंदणी दोन दिवस आधी करावी. पासपोर्टची प्रत, कधी बँकेचं पत्र, कधी अनामत मागतात. मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथला दुपारी दोनचा लिलाव इथे साडेअकराला. न्यूयॉर्कचा सकाळी दहाचा लिलाव हिवाळ्यात इथे रात्री साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला. सुरुवातीच्या बोल्या कोणाच्या आहेत याची काळजी करू नये. रिझर्व्ह, म्हणजे विक्रेत्याने ठरवलेली किमान किंमत, गाठेपर्यंत ऑक्शनियर विक्रेत्याच्या वतीने बोली पुढे नेऊ शकतो. लॉट न विकता गेला तर दुसऱ्या दिवशी मेल करावा. रिझर्व्हच्या आसपास पुष्कळदा सौदा होतो.

पैसे पाठवणं कंटाळवाणं, पण सरळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि कलावस्तूंची खरेदी त्यात बसते. पॅन, ए-2 फॉर्म, बिल लागतं. वर्षभरात पाठवलेली रक्कम 10 लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या भागावर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो आयकर विवरणात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: बिलावरचं नाव आणि खात्याचं नाव एकच हवं, आणि वायरचे सगळे चार्जेस आपण भरणार असा पर्याय निवडायचा. नाहीतर मधली बँक वीस-तीस डॉलर कापते, बिल अपुरं दिसतं आणि लॉट सुटत नाही. तोवर साठवणुकीचं भाडं चालू.

मनिलात घेतलं असेल तर निर्यातीचा प्रश्न आधी सोडवावा. फिलिपिन्सचा सांस्कृतिक वारसा कायदा, रिपब्लिक अ‍ॅक्ट 10066, राष्ट्रीय कलाकारांच्या कृतींना संरक्षण देतो; चित्रकार आमोर्सोलो 1972 मध्ये पहिला राष्ट्रीय कलाकार ठरला, म्हणजे त्याचा मनिला उपसागरावरचा सूर्यास्त परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही. इतर चित्रांसाठीही तिथल्या नॅशनल म्युझियमचा कागद लागेल का, हे बोलीआधी लिलावगृहाकडून लेखी घ्यावं. अमेरिकेत घेतलेल्या चित्राला ही अडचण नाही.

क्रेट लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम-15 चा शिक्का हवाच: बहुतेक वेळा लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवल्याची ती खूण. शिक्का नसेल तर चित्र नाही, लाकूड अडतं, आणि त्याच्याबरोबर चित्रही. क्रेट बंद करण्याआधी शिक्क्याचा फोटो मागवावा. कागदपत्रांत कस्टमच्या वर्गवारीतलं शीर्षक 9701, ‘हाताने रंगवलेलं मूळ तैलचित्र’ असं स्पष्ट लिहून घ्यावं आणि कॅटलॉगचं पान जोडावं. नाहीतर कुरिअरवाला छापील चित्र किंवा फ्रेम म्हणून भलत्याच शीर्षकाखाली टाकतो आणि दुरुस्तीत आठवडे जातात. चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तोच आयातीवरच्या आयजीएसटीला धरायचा; मूळ कस्टम ड्युटीचा त्या दिवशीचा दर क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्यावा. स्वतःच्या घरासाठी आणत असाल तर आयईसी (आयात-निर्यात कोड) नंबर लागत नाही. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टममधली आयातीची नोंद, जपून ठेवावं, पुढे विकताना तो चित्र रीतसर आणल्याचा पुरावा.

क्रेट आली की बाहेरून सगळ्या बाजूंचे फोटो काढायचे आणि कोपरा चेपलेला असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर तसा शेरा मारूनच सही करायची. त्या शेऱ्याशिवाय विम्याचा दावा लंगडा पडतो. मग एक दिवस क्रेट तशीच खोलीत ठेवतो, म्हणजे एसी कार्गोतून आलेल्या कॅनव्हासला मुंबईच्या हवेचा एकदम धक्का बसत नाही. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर टांगत नाही. आतल्या भिंतीवर, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना कॉर्कच्या चकत्या लावून, मागे हवा खेळेल एवढी फट ठेवतो. मळकट आभाळ उजळायला बटाट्याची फोड चोळा असं सांगणारे भेटतील. कॅनव्हासवर त्याचा स्टार्च भेगांत राहतो आणि बुरशीला खाद्य मिळतं. लवानिट असेल तर साधं ओलं फडकंही नको, कारण एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही.