नोड्री, खाली ऐती

दुपारी लाईट गेली की मी फरशीवर आडवा होतो आणि सुट्टीला आलेली भाची काहीतरी उद्योग काढते. त्या दिवशी तिनं वेणीचा रबर काढला, पहिल्या दोन बोटांत अडकवला, मूठ मिटली, उघडली. रबर टुणकन शेवटच्या दोन बोटांवर. "मामा, परत बघ." परत बघितलं. "आता एकदम सावकाश करते." तिनं खरंच सावकाश केलं आणि तरीही मला काही दिसलं नाही. शेवटी तीच वैतागली, "तू माझ्या तोंडाकडं का बघालायस? हाताकडं बघ की!"

ती बोलत होती म्हणून तोंडाकडं बघत होतो. बोलणाऱ्या माणसाच्या हाताकडं कोण बघतं? आणि रबर कसा उडतो ते मी इथं लिहिणार नाही. ज्यांना येतं त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी एखादी भाची गाठावी.

आमच्या लहानपणी जादूगार म्हटलं की मोठ्यांच्या तोंडी दोन नावं ठरलेली. एक पुण्याचे रघुवीर. ते नाव तर घरच्या माणसासारखं घ्यायचे. पुढं मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनीही तीच वाट धरली. दुसरे पी. सी. सरकार. शेरवानी, तुरा खोवलेला फेटा, महाराजाचा थाट, आणि कार्यक्रमाचं नाव 'इंद्रजाल'. एप्रिल १९५६ मध्ये या सरकारांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या टीव्ही कार्यक्रमात एका पोरीला टेबलावर झोपवलं आणि विजेच्या करवतीनं मधोमध कापलं. मग तिला उठवायला गेले, तर ती उठेना. त्यांनी तिचं तोंड झाकलं, तेवढ्यात निवेदक पुढं आला आणि म्हणाला, वेळ संपली. थेट प्रक्षेपण होतं. पोरगी मेली असं समजून लोकांनी इतके फोन केले की तारा तुंबल्या. ती अर्थातच धडधाकट होती आणि लंडनमधल्या सरकारांच्या प्रयोगांची तिकिटं भराभर खपली. वेळ चुकून संपली की बेतानं संपवली, यावर अजून दोन मतं आहेत.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला दुसऱ्या सरकारनंही आमच्या भागात करवत चालवली. राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेलं. त्या सरकारांची पोरगी निदान धडधाकट निघाली. आमचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, वेळ संपत आली असं अजून कुणी म्हटलेलं नाही. असो. हा विषय निघाला की आमच्याकडं चहा गार होतो.

मोठ्या जादूचं मला कधीच फारसं अप्रूप वाटलं नाही, हा माझा तिरपागडेपणा समजा. १९८३ मध्ये डेव्हिड कॉपरफील्डनं स्वातंत्र्यदेवीचा पुतळा गायब केला, २००० मध्ये धाकट्या सरकारांनी, म्हणजे थोरल्यांच्या मुलानं, ताजमहाल. केला असेल. ताजमहाल गेला तर माझं काय गेलं? माझ्या मुठीतलं चार आण्याचं नाणं गेलं तर मात्र जीव खालीवर होतो. थोरल्या सरकारांचा मला आवडणारा प्रयोगही अगदी घरगुती आहे, 'वॉटर ऑफ इंडिया'. एक लोटा. तो पार उपडा करायचा, शेवटचा थेंबही झटकायचा आणि बाजूला ठेवून दुसऱ्या जादूला लागायचं. मधेच आठवण झाल्यासारखं करून तोच लोटा उचलायचा, तर परत पाणी. कार्यक्रमभर असंच. मुख्य जादू कुठली आणि मधली कुठली, हेच प्रेक्षक विसरतो. एवढ्या झगमगाटात ज्याला लोट्याचं महत्त्व कळतं, तो माणूस मोठा.

आमच्या निपाणीत एकदा तंबू ठोकून जादूचे खेळ करणारी मंडळी आली होती. जाहिरातीची त्यांची जुनी रीत म्हणजे डोळ्यांवर कणकेचे गोळे थापायचे, वर काळं फडकं आवळायचं आणि गावातून मोटारसायकल हाणायची. आम्ही पोरं मागं पळत होतो. वळणावर एक म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी. जादूगार बरोबर तिच्यापुढं थांबला, हॉर्न वाजवला आणि वळसा घालून गेला. त्यावरून गावात दोन तट पडले. एक म्हणे, थांबला म्हणजे त्याला दिसत होतं, फसवलं. दुसरा म्हणे, न दिसता थांबला हीच तर जादू. खेळ मुक्काम हलवून गेले तरी न्हाव्याच्या दुकानात वाद चालूच. तंबूत आत काय बघितलं ते मला आठवत नाही, म्हैस आठवते.

पण माझा खरा आवडता जादूगार बाजारादिवशी यायचा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. मिरचीवाल्यांच्या पलीकडं तो सतरंजीचा एक तुकडा अंथरायचा. त्यावर तीन लाकडी वाट्या, बसक्या, डोक्यावर बोंडूक असलेल्या. हात लागून लागून ती बोंडकं काळी, गुळगुळीत झालेली. चिंध्यांच्या गोळ्या, बोराएवढ्या. बोंडूक दोन बोटांच्या बेचक्यात धरून तो वाटी अशी उचलायचा की पंजा पूर्ण उघडा दिसावा. गडबड कसली ती नाहीच. बोलणं मात्र अखंड, निम्मं मराठी, निम्मं कन्नड. "बघा पावणं, ही वाटी रिकामी. नोड्री, खाली ऐती. गोळी कुठं ठेवली? हितं ठेवली. एल्लि होतु?" म्हणजे बघा, रिकामी आहे, आणि कुठं गेली? असं म्हणून तोच आमच्याकडं कावराबावरा होऊन बघायचा, जणू गोळी आम्हीच खाल्ली.

पुढं कितीतरी वर्षांनी मला वाटायला लागलं की त्याची खरी हातचलाखी त्या भाषाबदलात होती. मराठीत चाललेलं बोलणं मधेच कन्नडकडं वळायचं. आम्ही मराठी पोरं अर्थ लावत बसायचो आणि तेवढ्यात गोळी पसार. चिकोडीकडनं आलेल्या कन्नड पोरांचं उलट, ती मराठी वाक्याला अडखळायची. प्रत्येकाला आपापल्या पाळीनं गंडवायचा. सिद्धान्त मला फार आवडला होता. अडचण एवढीच की आमच्याकडं दोन्ही भाषा पाण्यासारख्या येणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि तीही तशीच आ वासून उभी असायची.

फसायची नाही ती फक्त आत्ती. आत्ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पत्र्याच्या मापानं कातरलेली पानं. पान उचललं, चिमूटभर तंबाखू पसरली, वळली, दोऱ्याचे दोन वेढे, तोंड दुमडलं, बाजूला. तोंडानं शेजारणीशी वाद चाललेला असायचा आणि नजर रस्त्यावर. मी कितीदा तरी समोर बसून बघितलंय. तोंड दुमडताना नख कधी लागतं ते मला कधीच दिसलं नाही. तर ही आत्ती बाजारात माझ्यामागं उभी राहायची आणि त्या माणसाच्या बोलण्याकडं काडीचं लक्ष द्यायची नाही. ती बघायची बोटं. एकदा तो गोळी शोधायचं नाटक करत असताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "करंगळीपाशी हाय." आणि होती!

मी हट्ट धरला, कसं ते सांग. कोपऱ्यापर्यंत मागं लागलो. ती म्हणाली, "तुला सांगतो, तू शाळंत सांगशील. मग त्यो काय खाईल?" थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाली, "बोटं चांगली हाईत त्येची. विड्या वळल्या असत्या तर हजाराचं काम दुपारीच उरकलं असतं." जादूगाराची याहून जाणकार तारीफ मी दुसरी ऐकलेली नाही. वाट्या आवरायच्या आधी तिनं सतरंजीवर नाणंही टाकलं होतं.

आता फोनवर सगळ्या जगाचे जादूगार आहेत, आणि प्रत्येकाच्या खाली त्याची जादू फोडून दाखवणारा एक शहाणा. ते फोडणं मी बघत नाही. भाची बघते आणि मला सांगायला येते, तेव्हा मी कानात बोटं घालतो. स्पंजचे गोळे नि पत्त्यांचा धबधबा यांचं मला काही वाटत नाही, वेगानं कुणीही फसवेल. अर्जेंटिनाचा रेने लावांद बघा. नवव्या वर्षी अपघातात उजवा हात गेला, पत्त्यांची सगळी विद्या डाव्या हातानं कमावली. टेबलावर एक कप आणि पावाचे तीन कण. कण कपात टाकायचे, एक बाहेर फेकायचा, कप उपडा केला की परत तीन. मग तो म्हणतो, आता जरा सावकाश करतो. आणि करतो. शेवटी म्हणतो, याहून सावकाश करता येत नाही. मला स्पॅनिश येत नाही, म्हणजे माझ्या सिद्धान्ताप्रमाणं मी फसायलाच हवा. पण तो गप्प असतानाही फसतो. आत्ती असती तर तिला दाखवला असता. एका हाताचा कारभार बघून काय म्हणाली असती कोण जाणे, बहुतेक दोरा कसा बांधतो असं विचारलं असतं.

पेन आणि टेलर या अमेरिकन जोडीनं तर वाट्यांचा खेळ पारदर्शक वाट्यांनी करून दाखवलाय. गोळी कुठून येते, कुठं जाते, सगळं डोळ्यांदेखत. तरी हात इतके जलद की कळूनही हाती काही लागत नाही. त्यातला टेलर रंगमंचावर बोलतच नाही, आमच्या बाजारात त्याला कुणी उभं केलं नसतं.

भाचीला मात्र सगळ्यांत आवडला टॉमी कूपर. इंग्लंडचा अगडबंब माणूस, डोक्यावर लाल तुर्की टोपी, आणि एक जादू नीट होईल तर शपथ. काहीतरी पडतं, काहीतरी अडकतं, तो गोंधळून लोकांकडं बघतो नि लोक लोटपोट. इतकं बेमालूम चुकायला मुळात जादू पक्की यावी लागते, आणि त्याला येत होती; मधेच एखादी अशी साधून जायचा की तोच दचकल्यासारखा करायचा. १५ एप्रिल १९८४ ला टीव्हीवर थेट कार्यक्रम चालू असताना तो पडद्याला टेकून खाली बसला. हृदयविकाराचा झटका होता. लोकांना वाटलं, नेहमीसारखीच गंमत आहे, आणि ते हसत राहिले.

भाचीनं त्याचे मिळतील तेवढे व्हिडिओ बघितले. तो एक मी तिला दाखवला नाही, आणि स्वतःही लावला नाही.