जुन्या बसच्या इंजिनात काय घालायचं: आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला पंप-नोझलच्या कामातून. जुन्या डिझेल बसचे इनलाइन पंप, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारे पंप, उतरून आमच्याकडे यायचे. थोरले बंधू ते टेस्ट बेंचवर लावून कॅलिब्रेट करायचे आणि मी नोझल तपासून प्रेशर लावायचो. ऑइल आणि ॲडिटिव्ह (ऑइलात किंवा डिझेलात वरून मिसळायची द्रव्यं) पुरवण्याचा विचारही तेव्हा डोक्यात नव्हता. पण पंप न्यायला आलेला गाडीमालक निघता निघता हमखास विचारायचा, "ऑइल कोणतं घालू? आणि डिझेलमध्ये टाकायची ती बाटली येते, ती घ्यावी का?" तोवर ड्रायव्हरने एक, फिटरने दुसरं आणि दुकानदाराने तिसरं उत्तर त्याला दिलेलं असायचं. पंप उघडल्यावर आमच्या डोळ्यांना जे दिसायचं, ते यातल्या कुठल्याच उत्तराशी धड जुळत नसे. या प्रश्नांची उत्तरं देता देता आमचं हे दुसरं काम उभं राहिलं आणि आता तेच मुख्य झालं आहे.

एक गोष्ट पहिल्यापासून पाळली. गाडीचं ऑइल पाहिल्याशिवाय आणि ती कोणत्या डिझेलवर चालते हे विचारल्याशिवाय काहीही विकायचं नाही. यामुळे काही गिऱ्हाइकं सुरुवातीला नाराज होऊन गेली. त्यांना डबा हवा होता, आम्ही गेज पट्टी, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, मागत होतो.

ही सवय का लागली ते सांगतो. एक मालक मोठ्या अभिमानाने सांगत आले की त्यांची जुनी बस थेंबभर ऑइल खात नाही, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पातळी जागची हलत नाही. इतक्या चाललेल्या इंजिनाने थोडं तरी ऑइल जाळायलाच हवं. बंधूंनी गेज पट्टी काढली, बोटांवर ऑइल घेऊन चोळलं आणि माझ्यासमोर धरलं. डिझेलचा वास स्पष्ट येत होता. त्या ऑइलचा एक थेंब आम्ही फिल्टर पेपरवर टाकला आणि कागद आडवा ठेवून वाळू दिला. चांगल्या ऑइलचा डाग मधून बाहेर हळूहळू फिकट होत जातो, कारण काजळी ऑइलात सुटी राहून सोबत पसरते. इथे काळ्या भागाच्या बाहेर तेलकट, पारदर्शक असं रुंद कडं उमटलं होतं. ते डिझेलचं. पंपाचे प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारे दट्टे, झिजले होते आणि त्यांच्या कडेने डिझेल खाली उतरत होतं. बऱ्याच इनलाइन पंपांना वंगण इंजिनाच्याच ऑइलचं असतं, त्यामुळे ते डिझेल सरळ ऑइल पॅनमध्ये जमा होत होतं. जळणाऱ्या ऑइलची जागा डिझेल भरून काढत होतं, म्हणून पातळी कायम. बेअरिंगांना मिळणारं ऑइल मात्र रोज पातळ होत होतं. अशा गाडीत जगातलं सर्वांत महाग ऑइल ओतलं तरी बेअरिंगं वाचणार नाहीत. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाचा डायफ्रॅम (पडदा) फाटला किंवा नोझलचं उरलेलं डिझेल परत नेणारी, व्हॉल्व्ह कव्हरखालून जाणारी लीक-ऑफ नळी ढिली झाली तरी हेच घडतं. पंप दुरुस्त झाला, ऑइल बदललं, आणि पट्टीवरची पातळी पुन्हा हळूहळू उतरू लागली, जशी उतरायला हवी.

आता ऑइलच्या निवडीबद्दल. डब्यावरच्या चित्रापेक्षा मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत सीएच-४ हा दर्जा १९९८ मध्ये आला, सीआय-४ २००२ मध्ये, सीजे-४ २००६ मध्ये आणि सीके-४ डिसेंबर २०१६ मध्ये. नवीन अक्षर म्हणजे आपल्या गाडीला जास्त चांगलं, असा सरसकट समज आहे. सीआय-४ घडवलं गेलं ते एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा आत घेणाऱ्या इंजिनांसाठी. त्यांच्या ऑइलात काजळी जास्त येते, म्हणून काजळी सुटी ठेवण्याची ताकद त्यात वाढवली. जुनं इंजिनही काजळी भरपूर करतं, त्यामुळे ही ताकद त्याच्या कामी येते. सीजे-४ पासून सल्फेटेड राखेवर (ऑइल जळल्यावर उरणाऱ्या राखेवर) १.० टक्क्याची आणि फॉस्फरसवर ०.१२ टक्क्याची मर्यादा आली, ती मुख्यतः धुराच्या नळकांड्यातले फिल्टर आणि कॅटॅलिस्ट टिकावेत म्हणून. जुन्या बसला असा फिल्टरच नाही. तिथे पाहायचं असतं ते डिझेलमधलं गंधक. गंधक जास्त असेल तर जळताना आम्ल जास्त तयार होतं आणि ते मारायला ऑइलचा टीबीएन, म्हणजे आम्ल पचवण्याचा साठा, मोठा लागतो. अशा ठिकाणी आम्ही सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० (हे आकडे ऑइलच्या घट्टपणाचे) देतो. डिझेल अगदी कमी गंधकाचं असेल तर सीके-४ सुद्धा उत्तम चालतं आणि उष्णतेला ते जास्त टिकतं. एफए-४ मात्र जुन्या इंजिनात अजिबात घालू नका. ते पातळ ऑइल ठरावीक नव्या इंजिनांसाठीच आहे.

"इंजिन जुनं झालं, आता घट्ट ऑइल घाला" हा सल्ला तर सगळीकडे मिळतो. घट्ट ऑइलने गेजवरचं प्रेशर वाढून दिसतं आणि निळा धूर थोडा कमी होतो, हे खरं आहे. पण पहाटे थंड इंजिन सुरू केल्यावर तेच ऑइल वरच्या रॉकरपर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि झीज त्या सुरुवातीच्या काळातच जास्त होते. गरम इंजिनाचं प्रेशर खरोखर कमी असेल तर बेअरिंगं आणि ऑइल पंप बघा. ऑइल घट्ट करणाऱ्या बाटल्या आम्ही ठेवत नाही. रिंगा आणि लायनर झिजले असतील तर काम रिंगा-लायनरचंच आहे. शिवाय चांगल्या ऑइलात झीजरोधक, स्वच्छता राखणारी आणि काजळी सुटी ठेवणारी द्रव्यं ठरलेल्या प्रमाणात मिसळलेली असतात. धातूच्या पृष्ठभागावर बसायला ती एकमेकांशी झगडतात. वरून आणखी काही ओतलं की तो तोल बिघडतो.

यात दोन फटक्यांच्या (टू-स्ट्रोक) इंजिनाचा एक अपवाद सांगायला हवा. डेट्रॉइट डिझेलची ७१ आणि ९२ मालिकेची इंजिनं एके काळी शहरी बसमध्ये खूप चालली. त्यांना एकाच घट्टपणाचं एसएई ४०, टू-स्ट्रोकसाठीच्या सीएफ-२ दर्जाचं, कमी राखेचं ऑइल लागतं. चार फटक्यांचा नियम त्यांना लावला तर नुकसान होतं.

डिझेलमध्ये टाकायच्या ॲडिटिव्हचा धंदा वाढला तो कमी गंधकाचं डिझेल आल्यावर. तेव्हा आमच्याकडे गळणारे पंप एकदम वाढले. मालकांचा समज असा की गंधक गेलं म्हणून वंगण गेलं, तर गंधक परत घालणारी बाटली द्या. मुळात गंधक स्वतः वंगण नव्हतंच. ते काढण्यासाठी डिझेलवर हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात, तिच्यात वंगण देणारी ऑक्सिजन-नायट्रोजनयुक्त संयुगंही निघून जातात. म्हणून रिफायनरीतच किंवा पुढे वितरणाआधी वंगणद्रव्य मिसळतात. त्याची चाचणी अशी: डिझेलात बुडवलेल्या चकतीवर पोलादी गोळी घासतात आणि गोळीवर पडलेला डाग मोजतात. युरोपच्या ईएन ५९० मानकात तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही, अमेरिकेच्या मानकात ५२०. मानकात बसणारं डिझेल भरत असाल तर जादा वंगणाची गरज सहसा पडत नाही. ज्या पंपाचे आतले भाग डिझेलवरच वंगण घेतात, त्या रोटरी पंपांना मात्र आम्ही ते सुचवतो. गळतीचं कारण वेगळं होतं. नव्या डिझेलात रबर फुगवणारी ॲरोमॅटिक संयुगं कमी, त्यामुळे वर्षानुवर्षं फुगून बसलेले नायट्राइल रबरचे ओ-रिंग आक्रसले. आम्ही व्हिटॉन या वेगळ्या रबराचे ओ-रिंग टाकून पंप परत दिले. बाटली विकली असती तर पैसे लवकर मिळाले असते, पण पंप गळतच राहिला असता.

स्वच्छता करणारं ॲडिटिव्ह आम्ही मनापासून सुचवतो, मात्र नोझलवर साका चढलेला असेल तेव्हाच. झिजलेली सुई किंवा घसरलेलं प्रेशर त्याने सुधारत नाही. ते टाकलं की टाकीतली जुनी घाण सुटते, म्हणून डिझेल फिल्टर हाताशी ठेवायला लावतो. सीटेन, म्हणजे डिझेल किती पटकन पेटतं याचं माप, वाढवणाऱ्या ॲडिटिव्हमध्ये बहुतेक वेळा इथिलहेक्सिल नायट्रेट असतं. थंडीत सुरू होताना पांढरा धूर येणाऱ्या गाडीला त्याचा फरक जाणवतो. डिझेल आधीच ५१ सीटेनचं असेल तर ड्रायव्हर सांगतो तशी ताकद त्यातून येत नाही.

पाण्याच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. पाणी डिझेलमध्ये विरघळवून जाळून टाकतो असं सांगणाऱ्या बाटल्या घेऊ नका. ते पाणी नोझलच्या टोकाशी वाफ होऊन टोक खाऊन टाकतं. पाणी वेगळं करून तळाशी बसवणारं द्रव्य घ्या आणि डिझेलमधलं पाणी साठवणाऱ्या सेपरेटरचा ड्रेन नियमित उघडा. बस बराच काळ उभी असेल आणि फिल्टरवर बुळबुळीत काळा थर दिसत असेल तर टाकीत जंतू वाढले आहेत. जंतुनाशक घातल्यावर मेलेला थर फिल्टर तुंबवतो, म्हणून आधी टाकी उतरवून धुवा. आणि जळकं ऑइल गाळून डिझेलमध्ये मिसळण्याची पद्धत कितीही जुनी असली तरी ती बंद करा. त्यातली राख आणि धातूचे कण नोझल, व्हॉल्व्ह आणि रिंगांवर जाऊन बसतात.

आज आमच्याकडे प्रत्येक बसचं कार्ड आहे. ऑइलचा दर्जा, कागदावरचा डाग, प्रयोगशाळेतून आलेले लोखंड, तांबं, शिसं आणि सिलिकॉनचे आकडे त्यावर चढवतो. एकट्या अहवालावर आम्ही फारसं बोलत नाही. सिलिकॉन आणि लोखंड सोबत वाढलं की आधी एअर फिल्टरची नळी तपासायला पाठवतो, आणि बहुतेकदा धूळ तिथूनच आत येत असते. नमुना पाठवणाऱ्यांना एवढीच विनंती: गाडी फिरवून आणल्यावर, ऑइल गरम असताना घ्या. ड्रेन उघडल्यावरची पहिली धार जाऊ द्या, मधली धार कोरड्या बाटलीत धरा. बाटलीवर गाडीचे किलोमीटर, ऑइल कधी बदललं आणि मध्ये किती वर घातलं, हे लिहा.