नाकात बोलणारा भोंगा

अनंत चतुर्दशीला चार दिवस उरले होते. त्या आठवड्यात इंदूरच्या साउंडवाल्यांना झोप नसते, आणि त्यांचं सामान दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याला धड जेवणही मिळत नाही. सकाळी नऊला शटर वर केलं तर साउंडवाले काका दारातच. हातात पोह्यांचा कागद, पायाशी तोच करडा भोंगा.

"भाऊ, हा परत नाकात बोलून राहिला."

'परत' हा शब्द मला झोंबला. त्या भोंग्याचा डायफ्राम, म्हणजे थरथरून आवाज करणारी आतली चकती, मी त्याच वर्षात दोनदा बदलला होता, आणि दोन्ही वेळा पैसे घेतले होते. पहिल्यांदा जुना खरोखरच फाटला होता. दुसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, दुसरं काही सुचलं नाही म्हणून बदलला.

हा भोंगा आणि त्याचा जोडीदार एका झांकीच्या, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्याच्या, गाडीवर लागायचे होते. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, पण इथल्या मिलांच्या झांक्या अजून रात्रभर निघतात. जेल रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, राजवाडा, सगळीकडे नुसती डोकी. त्या गर्दीत हरवलेल्या पोराचं नाव पुकारायचं असेल तर भोंग्याने नाकात बोलून चालत नाही.

मल्टिमीटर लावला. १६ ओमची कॉइल १३ दाखवत होती, म्हणजे ठीक. मग ह्याचं युनिट, म्हणजे कॉइल आणि डायफ्राम असलेला मागचा डबा, जोडीच्या चांगल्या भोंग्याला लावलं, आवाज खणखणीत. चांगल्याचं युनिट ह्याला लावलं, परत नाकात. पाच मिनिटांचं काम. आधीच्या दोन्ही खेपांना हे का केलं नाही, ते काकांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

दोष पत्र्याच्या आत, हवेच्या वाटेत होता. बाहेरून भोंगा एकच दिसतो, आत त्याचे तीन भाग. युनिटपासून पुढे येणारी नळी, तिच्या तोंडासमोर उलटा धरलेला पेला, आणि बाहेरचा मोठा कर्णा. आवाज नळीतून पुढे येतो, पेल्यावरून मागे वळतो, मग कर्ण्याच्या बुडाशी पुन्हा वळून बाहेर पडतो. एवढ्याशा भोंग्यात मीटरभर वाट अशी बसवलेली असते. टॉर्च पहिल्या वळणापर्यंतच पोचतो. माझा संशय कुंभारणीवर होता. मागे एकदा एका भोंग्यातून मी ह्या माशीने रचलेली मूठभर माती काढली आहे.

"मग खोलून बघ ना," काका म्हणाले.

पेल्याचा नट गंजलेला, वरून रंगाचे दोन हात. जोर लावला आणि बोल्टच तुटला तर चार दिवसांत नवा कुठून आणणार? आत काय आहे ते न खोलता कळायला हवं होतं. मी माळ्यावरून पाइप काढला.

हा पाइप म्हणजे गेल्या पावसाळ्यातला माझा रिकामा उद्योग. एक इंची पीव्हीसी, तीन मीटर लांब. एका टोकाला माझं स्वतःचं युनिट, दुसऱ्या टोकाला भंगारातल्या युनिटची आट्यांची कॉलर, म्हणजे कुठलाही भोंगा थेट फिरवून बसतो. बरोबर मधे भोक पाडून कंडेन्सर माइकची कॅप्सूल एम-सीलने बसवलेली, तोंड पाइपच्या आतल्या भिंतीशी सपाट. ५५५ची आयसी सेकंदाला दहा टिचक्या देते, टीडीए२०३०चा अँप्लिफायर त्या युनिटपर्यंत पोचवतो, आणि माइकचा आवाज टीएल०७२ने वाढवून लॅपटॉपच्या साउंडकार्डात जातो. टिचकी माइकवरून पुढे जाते, भोंग्यात शिरते, आणि वाटेत जिथे जिथे काही बदलतं तिथून तिचा तुकडा परत फिरतो.

पाइप एवढा लांब का, हे मला पहिल्या महिन्यात फुटभर पाइपवर डोकं फोडून कळलं. युनिट एका टिचकीवर थांबत नाही, थोडं थरथरत राहतं. त्या थरथरीत परतीचा आवाज बुडून जातो. माइकपुढे दीड मीटर मोकळी वाट ठेवली की जाऊन-येऊन साडेआठ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात थरथर निवते. माइकमागच्या दीड मीटरचाही तसाच उपयोग: परतलेला आवाज युनिटवर आपटून पुन्हा यायला आणखी साडेआठ. ह्या मधल्या खिडकीत भोंगा स्वतःबद्दल काय ते सांगतो.

वाट एकदम अरुंद झाली की दाब तसाच परततो, पडद्यावर उंचवटा दिसतो. एकदम रुंद झाली की उलटा होऊन येतो, खळगा दिसतो. भोंग्याचं तोंड म्हणजे नेहमी खळगा.

पहिल्या चित्रात टिचकीचा माथा कापल्यासारखा सपाट आला. पाइपात आवाज फार होत होता, कॅप्सूल झेपत नव्हती. अँप्लिफायरचा आवाज कमी केला. मग रिक्षांचे हॉर्न आडवे आले. ४०० टिचक्यांची सरासरी घेतली, चाळीस सेकंद लागतात, आणि गलका विसाव्या हिश्शावर येतो. तेवढ्यात काकांनी दोन चहा सांगितले.

भोंगा सुरू होतो तिथून मोजलं तर आठ मिलिसेकंदांपाशी मोठा उंचवटा. मी खूश! हिशेब केला तर वाट १ मीटर ४० सेंटिमीटर निघाली, आणि भोंग्याची सगळी वाटच मीटरभर. भोंग्याच्या तोंडासमोर चाळीस सेंटिमीटरवर माझं लोखंडी कपाट होतं. भोंगा गल्लीकडे फिरवला, उंचवटा गायब. काका काही बोलले नाहीत, चहा ओतत राहिले.

आता खरं चित्र. जोडीच्या भोंग्यात एक बारीकशी लाट आणि पुढे तोंडाचा खळगा. बिघडलेल्यात त्याच लाटेच्या जागी, १.१५ मिलिसेकंदाला, ठसठशीत उंचवटा, आणि तोंडाचा खळगा अर्ध्याहून कमी. म्हणजे निम्मीअधिक टिचकी तोंडापर्यंत जाऊन परत येऊच शकत नव्हती. तीस अंशाच्या हवेत आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो. गुणिले १.१५, भागिले दोन: वीस सेंटिमीटर. नळी संपते तिथेच.

माती असेल तर नळीच्या टोकाशी असणार. सायकलच्या स्पोकला आकडा करून आत घातला, आधी नळीच्या ओठाला अडकवला, खूण केली, मग सरळ पेल्याच्या बुडाला टेकवला. माती नव्हती. पेला आणि नळी यांत फक्त पाच मिलिमीटर. जोडीच्या भोंग्यात चौदा.

नळीचं टोक ४४ मिलिमीटरचं, म्हणजे वाट १५ चौरस सेंटिमीटर. चौदाच्या फटीत ती १९ होते, हळूहळू रुंदावत जाणारी, भोंग्याला हवी तशी. पाचच्या फटीत जेमतेम ७. आवाज ह्या अरुंद फटीवर आपटून वीस सेंटिमीटरच्या नळीत मागे-पुढे घुमत होता, ८७० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटीत. नाकातला आवाज नेमका तिथला.

पेल्याच्या नाकावरून बोट फिरवलं तर नव्या रंगाखाली सपाट चट्टा लागला. "काका, हा तोंडावर पडला होता?"

"छे! माझं सामान कधी पडत नाही, भिया."

रागावले की काका भियावर येतात. दाराशी उभा असलेला त्यांचा पोरगा मात्र खाली बघत होता.

नटावर डिझेल टाकून तासभर ठेवला. चौथ्या झटक्याला फिरला, आणि माझा जीव भांड्यात पडला. पेला नऊ मिलिमीटर पुढे घेतला, दोन वॉशर, वर लॉकनट. पाइपवर पुन्हा चढवला: उंचवट्याच्या जागी जोडीदारासारखीच बारीक लाट. माइक काकांच्या हातात दिला. त्यांनी "हॅलो, हॅलो" न म्हणता थेट आरतीच धरली, आणि समोरच्या दुकानातून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या डायफ्रामचे पैसे मी ह्या बिलातून वजा केले. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला.

पोरगा टेम्पोकडे गेला आणि आणखी एक भोंगा कडेवर घेऊन आला. काका पैसे मोजत होते, त्यांच्याकडे पाठ करून तो हळूच म्हणाला, "भैया, ह्याचं पण बघता का? हा पण मीच पाडला होता."